वापरलेली खुर्ची, मापाचे टेबल: घरच्या ऑफिसचे एक परीक्षण

वीस हजार रुपयांच्या आसपास घरी रोज आठ-दहा तास बसण्याजोगी व्यवस्था उभी करायची असेल, तर नवी कोरी खुर्ची आणि तयार टेबल ऑनलाइन मागवण्यापेक्षा मोठ्या कार्यालयांतून निघालेली चांगल्या घडणीची खुर्ची गोदामातून पारखून आणावी आणि टेबल आपल्या मापाने सुताराकडून करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात मी ही दोन्ही कामे करून घेतली आणि उन्हाळा, पावसाळा व विवरणपत्रांचा एक संपूर्ण हंगाम त्या बैठकीवर काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. गोदामाचे आणि मिस्त्रींचे नाव मुद्दाम दिलेले नाही. गोदामातला माल सतत बदलत असतो, त्यामुळे मी घेतली तशी खुर्ची तिथे आता असेलच असे नाही, आणि सुतार तर ज्याचा त्यालाच शोधावा लागतो. पारखायचे कसे आणि सांगायचे काय, हे मात्र सगळीकडे सारखेच आहे.

माझे काम करसल्ल्याचे आहे आणि ते मी घरूनच करते. दर महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या दोन मासिक विवरणपत्रांच्या नेहमीच्या मुदती, आणि जुलैअखेरची प्राप्तिकराची धावपळ, या दिवसांत जेवणाखेरीज फारसे उठणे होत नाही. टेबलावर एक लॅपटॉप, एक वेगळा मॉनिटर, कॅल्क्युलेटर आणि अशिलांच्या बिलांचे गठ्ठे असतात, कारण कारभार कितीही डिजिटल झाला असला तरी किराणा दुकानदार आणि छोटे कंत्राटदार अजून पिशवीतूनच बिले आणून देतात. माझी उंची ५ फूट २ इंच आहे. हे सांगण्याचे कारण असे की, खुर्ची किंवा टेबल चांगले आहे की नाही हे बसणाऱ्याच्या मापाशिवाय सांगताच येत नाही, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानांवर पाच-पाच तारे देणारे ग्राहक आपली उंची मात्र कधी लिहीत नाहीत.

म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी दोन मापे घ्यावीत. पहिले माप गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचे, आणि दुसरे, खांदे सैल सोडून व हात काटकोनात दुमडून बसल्यावर बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचे. पहिले माप ही तुमच्या बैठकीची उंची आणि दोन्हींची बेरीज ही तुमच्या टेबलाच्या माथ्याची उंची. आपण घरात अनवाणी वावरतो, त्यामुळे ही मापे अनवाणीच घ्यावीत. पादत्राणे घालून बसणाऱ्यांसाठी लिहिलेल्या परदेशी तक्त्यांत आणि आपल्या घरात इथेच दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक पडतो. माझी मापे ४० आणि २४ सेंटिमीटर भरली, म्हणजे टेबल ६४ सेंटिमीटरांचे हवे. बाजारातले जवळजवळ प्रत्येक तयार टेबल ७५ सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे साडेएकोणतीस-तीस इंच असते. मधले अकरा सेंटिमीटर शरीराला कुठून तरी भरून काढावे लागतात. खुर्ची खाली ठेवली तर खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दगडासारखा लागतो; खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात. ‘माझी पाठ घरून काम केल्यामुळे दुखते’ असे म्हणणाऱ्या बऱ्याच मध्यम उंचीच्या बायकांचे दुखणे खरे तर या अकरा सेंटिमीटरांत असते.

आता गोदामाकडे वळते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा भागांतली कार्यालये जागा सोडतात, दुसरीकडे हलतात किंवा नूतनीकरण करतात, तेव्हा शेकडो खुर्च्या एकगठ्ठा विकल्या जातात. २०२० नंतर बऱ्याच कंपन्यांनी जागा कमी केल्या आणि हा व्यवसाय नजरेत भरण्याइतका वाढला. मी गेले ते गोदाम शहराच्या वेशीवर पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये आहे. एका बाजूला वर्कस्टेशनच्या निळ्या-करड्या विभाजक भिंती, दुसऱ्या बाजूला लोखंडी पेडेस्टल, म्हणजे टेबलाखाली सरकवायची खणांची छोटी कपाटे, आणि मधल्या भागात पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या खुर्च्या, असा एकूण थाट असतो. धूळ भरपूर आणि पंखा एकच. तरीही इथे जी सोय आहे ती झगमगीत शोरूममध्ये सहसा मिळत नाही: हव्या तितक्या खुर्च्यांवर, हवा तितका वेळ बसून पाहता येते आणि कोणी मागे उभे राहून घाई करत नाही. मालकांनी सुरुवातीलाच, ‘ताई, आधी बसून घ्या, भाव मग बोलू,’ असे सांगितले आणि तो शब्द पाळला. ज्या खुर्च्या नव्या असताना अठरा ते पंचवीस हजारांना जातात, त्या इथे सहा ते आठ हजारांत मिळतात. त्याच पैशांत ऑनलाइन मिळणारी नवी खुर्ची दिसायला अधिक चकचकीत असते, परंतु तिची यंत्रणा पातळ पत्र्याची, हात एकाच उंचीचे आणि बैठकीचा फोम दोन हंगामांत बसणारा असतो.

वापरलेली खुर्ची पारखताना वरच्या कापडाकडे शेवटी पाहावे. आधी तरफ ओढून खुर्ची पूर्ण वर घ्यावी, तिच्यावर बसावे आणि बसल्या बसल्या आजूबाजूच्या खुर्च्यांची चौकशी करत दहा मिनिटे काढावीत. बाजारात सगळे ज्याला हायड्रॉलिक म्हणतात त्या नळकांड्यात दाबलेला वायू असतो, आणि त्याचे सील गेले असेल तर खुर्ची तुमच्या नकळत इंच-दीड इंच खाली येते. त्यानंतर पाठीचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळून पाहावा. थोडी लवचीकता असणे ठीक, पण खालून कटकट ऐकू आली तर यंत्रणेचे बोल्ट किंवा बुश झिजलेले आहेत. मागे कलण्याची प्रत्येक पायरी एकेक करून अडकवून पाहावी. मग खुर्ची आडवी पाडावी. दुकानदाराला हे फारसे आवडत नाही, तरी पाडावीच. पाच पायांचा तळ नायलॉनचा असेल तर मधल्या गोलाला पाय जिथे जोडलेले असतात तिथे पांढुरक्या बारीक रेषा शोधाव्यात, कारण तडा तिथूनच जातो. बैठकीच्या खालच्या बाजूस बहुधा एक लेबल असते आणि त्यावर मॉडेल व निर्मितीचा महिना-वर्ष छापलेले असते. दहा वर्षांच्या पुढची खुर्ची कितीही देखणी असली तरी मी घेणार नाही. आणि मोबाइलचा दिवा लावून बैठकीच्या शिवणी नीट पाहाव्यात. ढेकूण हा विषय सभ्य परीक्षणांत येत नाही, पण वापरलेला फोम घरात आणताना तो वगळून चालत नाही.

जाळी की फोम, या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. जाळीच्या खुर्चीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीच्या एरॉन या खुर्चीने, जी १९९४ साली बाजारात आली. तिच्यात पाठ आणि बैठक दोन्ही जाळीची आहेत आणि आज जगभर जे जाळीदार मॉडेल दिसते ते थोड्याफार फरकाने तिचेच अनुकरण आहे. अनुकरण करणाऱ्यांनी जाळी उचलली, पण त्याच खुर्चीतली अधिक महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ती लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांत मिळते ही, बहुतेकांनी सोडून दिली. नव्या खुर्चीत जाळीची बैठक ताणलेली असते तोवर उत्तम. वापरलेल्या खुर्चीत मात्र ती मध्यभागी सैल झालेली असते आणि पुढची कडक चौकट मांडीला टोचते. शिवाय जाळी चौकटीत पक्की बसवलेली असल्यामुळे ती आपल्याकडे सहजी बदलून मिळत नाही, तर फोमची बैठक कोणताही सोफा दुरुस्त करणारा कारागीर नव्या फोमसह सात-आठशे रुपयांत मढवून देतो. त्यामुळे वापरलेल्या मालात पाठ जाळीची आणि बैठक फोमची, हेच मिश्रण घ्यावे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पाठीला वारा लागणे ही चैन नसून गरज आहे, आणि बैठकीखाली जाळी असल्याने तितका फरक पडत नाही.

लेबलांबद्दल थोडे सांगते. ऑनलाइन जाहिरातींत बिफ्मा हा शब्द ठळक छापलेला असतो. बिफ्मा ही ऑफिस फर्निचर बनवणाऱ्यांची अमेरिकी संघटना असून तिच्या मानकांनुसार खुर्चीची मजबुती, टिकाऊपणा आणि स्थिरता तपासली जाते. भारतीय मानक ब्युरोनेही कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे मानक २०२२ साली प्रसिद्ध केले आहे. ही माहिती उपयोगी आहे, परंतु खुर्ची मोडणार नाही आणि खुर्ची तुम्हाला बसेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची हमी लेबल देत नाही. बैठकीची खोली हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. बाजारातल्या सर्वसाधारण खुर्चीवर माझी लवण थेट कडेला टेकते, त्यामुळे मी नकळत पुढे सरकते आणि कमरेच्या आधारासाठी मोजलेले पैसे वाया जातात. म्हणून बैठक पुढे-मागे सरकवण्याची तरफ असलेली खुर्ची मी शोधत होते, आणि गोदामातल्या जवळपास शंभर खुर्च्यांत ती मोजक्याच खुर्च्यांना होती. घेतलेली खुर्ची त्यांपैकी एक आहे.

या खुर्चीची सर्वांत कमी उंची ४५ सेंटिमीटर होती, म्हणजे माझ्या मापापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त. त्यावर गोदामाने जो उपाय केला तो मला या संपूर्ण खरेदीतील सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांच्या कारागिराने रबरी हातोड्याने जुने नळकांडे ठोकून काढले आणि नऊशे रुपयांत आखूड नळकांडे बसवून दिले. आता खुर्ची ४० सेंटिमीटरांपर्यंत खाली येते आणि माझे तळपाय पूर्ण टेकतात. नव्या खुर्चीच्या विक्रेत्यांना मी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा बहुतेकांनी पाय ठेवायला स्टूल घ्या, असे सुचवले. चाकेही बदलून घेतली. ऑफिसात खाली गालिचा असतो म्हणून तिथल्या खुर्च्यांना कडक नायलॉनची चाके असतात. ती घरातल्या व्हिट्रिफाइड टाइलवर घसरतात आणि मधरात्री खालच्या मजल्याला ऐकू जाईल एवढा आवाज करतात. मऊ पॉलियुरेथेनची पाच चाके सहाशे रुपयांत मिळाली.

तक्रारीच्या बाजूला एक गोष्ट नोंदवायलाच हवी. टेम्पोने घरी आली ती खुर्ची मी निवडलेली नव्हती. मॉडेल तेच होते, परंतु उजवा हात सैल होता आणि लेबलावरचे वर्ष तीन वर्षांनी जुने होते. मी लेबलाचे छायाचित्र काढून ठेवलेले असल्यामुळे वाद झाला नाही आणि खुर्ची बदलून मिळाली, पण त्यात जवळजवळ आठवडा गेला आणि दुसऱ्या फेरीचे भाडे कोणी द्यायचे यावर फोनवर बरीच घासाघीस झाली. शेकडो एकसारख्या खुर्च्यांत अशी अदलाबदल होणे समजू शकते, तरीही निवडलेल्या खुर्चीच्या तळाला मार्करने आपली सही करून यावी. नळकांड्यावर सहा महिन्यांची हमी तोंडी सांगितली होती. बिलावर लिहून द्या म्हटल्यावर ती लिहून मिळाली. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, हे एका करसल्लागाराने लिहावे यात माझा थोडा व्यावसायिक राग आहे असे समजावे.

टेबलाचे काम सुताराकडे देण्यामागे उंचीखेरीज दुसरेही कारण होते. साडेसात-आठ हजारांची तयार टेबले बहुधा पार्टिकल बोर्डची किंवा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्यांची असतात. पुण्याच्या हवेत ती काही वर्षे तरतात, पण कडेची पट्टी उखडली आणि पाणी आत शिरले की बोर्ड फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मी १८ मिलिमीटरचे प्लाय घेतले. त्यासाठी आयएस ७१० या मानकाची, ओलाव्यात अधिक टिकणारी मरीन प्लाय घेण्याचा आग्रह दुकानदाराने धरला होता, पण कोरड्या खोलीतल्या टेबलासाठी आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी) प्लाय पुरेशी आहे आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखालचे कपाट नसेल तर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. पाच फूट बाय अडीच फुटांचा माथा, बावीस इंच खोलीच्या दोन बाजू आणि मागची आडवी पट्टी, हे सगळे आठ बाय चारच्या एकाच शीटमधून निघाले. हा हिशेब मिस्त्रींनी जमिनीवर खडूने आखून दाखवला तेव्हा तो पाहण्यासारखा होता.

उंचीवर मात्र आमची बराच वेळ चर्चा झाली. ‘सव्वापंचवीस इंच म्हणजे शाळेतल्या मुलांचं टेबल होईल, ताई. तीस इंच घ्या, उद्या विकायचं म्हटलं तरी विकता येईल,’ असे त्यांचे म्हणणे होते. मी खुर्ची आणून त्यांच्यासमोर बसून दाखवली आणि टाइप करताना हात कसे येतात ते पाहायला सांगितले, तेव्हा त्यांनी काहीही न बोलता पेन्सिलने नवी खूण केली. दुसरा मतभेद ड्रॉवरवरून झाला. आपल्याकडे टेबल म्हटले की माथ्याखाली ड्रॉवर हवाच असे गृहीत धरले जाते. परंतु माथा ६४ सेंटिमीटरांवर असताना खाली दहा सेंटिमीटरांचा ड्रॉवर लावला तर मांड्यांना जागाच उरत नाही, आणि गुडघे आपटू नयेत म्हणून माणूस टेबलापासून दूर बसून पुढे वाकतो. त्यामुळे पुढच्या बाजूला ड्रॉवर नाही आणि पट्टीही नाही. पाच फुटांचा माथा मध्ये वाकू नये म्हणून आधाराची पट्टी सगळी मागच्या बाजूला घेतली आहे. कागदपत्रांसाठी गोदामातूनच दीड हजारांना तीन खणांचे लोखंडी पेडेस्टल आणले, जे चाकांवर हवे तिथे सरकते आणि ज्याला कुलूपही आहे.

मिस्त्रींच्या कामात दोन गोष्टी मला विशेष आवडल्या. एक म्हणजे, मनगट जिथे टेकते ती माथ्याची पुढची कड त्यांनी रंधा मारून गोलाईत उतरवली. तयार टेबलांच्या काटकोनी कडेने दुपारपर्यंत मनगटावर उमटणारी लाल रेषा आता उमटत नाही. दुसरी म्हणजे, सनमायका चकचकीत न घेता मॅट आणि फिकट राखाडी घ्यावा हा सल्ला त्यांचाच होता. पांढऱ्या चमकदार माथ्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडून डोळ्यांवर ताण येतो, हे त्यांना एखाद्या तक्त्यावरून नव्हे, तर दवाखान्यांची काउंटर बनवून माहीत होते. वायरी खाली सोडण्यासाठी मागच्या कोपऱ्यात पाडलेले गोल भोक मात्र प्लग आत जाईल इतके मोठे नव्हते, आणि ते नंतर पुन्हा वाढवावे लागले.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी किंवा तयार टेबल आधीच असलेल्यांनी नवे टेबल करायलाच हवे असे नाही. खुर्ची टेबलाच्या हिशेबाने वर घ्यावी आणि जितकी वर घेतली तितक्या उंचीचा पाट किंवा लाकडी फळी पायांखाली घ्यावी. मापांची बेरीज तीच राहते. यात खुर्ची हलवताना पाट मागे राहतो एवढीच गैरसोय आहे. विजेवर वर-खाली होणाऱ्या टेबलाची शिफारस मी एकाच परिस्थितीत करेन, ती म्हणजे एकच टेबल दोन वेगळ्या उंचींची माणसे रोज वापरत असतील तर. माझे यजमान ५ फूट १० इंच उंच आहेत आणि माझ्या टेबलावर ते दहा मिनिटेही बसू शकत नाहीत, हे या व्यवस्थेचे खरे न्यून आहे. उभे राहून काम करण्यासाठी म्हणून मात्र वीस-पंचवीस हजार घालू नयेत. दिवसभर बसणे वाईट तसेच दिवसभर उभे राहणेही पायांच्या शिरांना वाईट, आणि फोनवरचे बोलणे खोलीत फेऱ्या मारत केले तर तोच लाभ फुकट मिळतो.

बसण्याच्या पद्धतीबद्दल परदेशी मार्गदर्शिकांत कधीच न येणारा एक मुद्दा आहे, आणि तो म्हणजे मांडी. आपल्यापैकी पुष्कळ जण, विशेषतः बायका, खुर्चीवरही थोड्या वेळाने मांडी घालतात. पेढीवरचे दिवाणजी गादीवर बसून उतरत्या मेजावर वह्या लिहीत, आणि ती सवय शरीराने सोडलेली नाही. खुर्ची निवडताना मी मांडी घालून बसून पाहिले. दोन हातांमध्ये पन्नास सेंटिमीटर जागा असूनही गुडघे अडत होते, परंतु या खुर्चीचे हात बोल्ट काढून वेगळे करता येतात. मी डावा हात काढून ठेवला आहे आणि उजवा टेबलाच्या माथ्याखाली जाईल इतका खाली घेतला आहे. दिवसाचा थोडा भाग मांडी घालून काढल्याने बैठक बदलते आणि कंबर मोकळी होते. सिंहासनासारख्या उंच पाठीच्या, दोन्ही बाजूंनी गुरफटणाऱ्या गेमिंग खुर्च्यांत हे शक्यच नाही, आणि त्या मी मुळात कोणालाच सुचवणार नाही.

पडद्याबाबत थोडक्यात सांगते. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले आहेत तोवर मान किंवा मनगट यांपैकी एकाला त्रास होणारच, म्हणून हजार-बाराशेचा वेगळा कीबोर्ड-माउस ही या यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक वस्तू आहे. मॉनिटर हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. परंतु चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी, त्यातही प्रोग्रेसिव्ह काच असलेल्यांनी, मॉनिटर त्याहून आणखी खाली घ्यावा. जवळचे वाचण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो आणि मॉनिटर उंच असेल तर वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते. मानेच्या मागच्या दुखण्याचे ते अगदी सामान्य कारण आहे. अडीच फूट खोलीचा माथा घेतल्यामुळे मॉनिटर मागे सरकवूनही पुढे बिले पसरायला जागा राहते. दोन फुटी तयार टेबलावर हे जमत नाही.

टेबल खिडकीला काटकोनात लावले आहे, म्हणजे उजेड डावीकडून येतो. वास्तुशास्त्राच्या हिशेबाने पूर्वेला तोंड करून बसावे असा घरातला सल्ला होता, पण तसे केले असते तर आमच्या खोलीत खिडकी बरोबर पाठीशी येऊन पडद्यात आकाशच दिसले असते, त्यामुळे सल्ला देवघरापुरता पाळला. कागद वाचण्यासाठी ९ वॉटचा एलईडी टेबल लॅम्प पुरतो. छताच्या जुन्या पंख्याऐवजी बीएलडीसी पंखा लावला, जो सत्तर-ऐंशी वॉटऐवजी तीस-पस्तीस वॉटमध्ये चालतो, त्यामुळे गुरुवारच्या देखभालीसाठी वीज गेली तरी इन्व्हर्टरवर पंखा, मॉनिटर आणि लॅपटॉप दुपारपर्यंत टिकतात. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस स्वतंत्र लावावा. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभरात राउटर बंद पडतो आणि २० तारखेच्या संध्याकाळी पोर्टलवरून बाहेर फेकले जाण्याइतका मनस्ताप दुसरा नाही.

एकूण खर्च असा झाला: खुर्ची ६,८०० रुपये, नळकांडे ९००, चाके ६००, पेडेस्टल १,५००, टेम्पोचे भाडे ५०० आणि टेबल मजुरीसह ९,८००, म्हणजे २०,१०० रुपये. पंखा, दिवा आणि राउटरचा यूपीएस यात धरलेले नाहीत. ज्यांना गोदामात अर्धा दिवस घालवणे शक्य नाही किंवा खुर्ची उलटी करून पाहण्याचा संकोच वाटतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्या दुकानातली नवी खुर्चीच बरी. जाणाऱ्यांनी रविवार टाळावा, कारण त्या दिवशी नवी कार्यालये थाटणारे घाऊक ग्राहक येतात आणि एकेका खुर्चीकडे लक्ष द्यायला कारागिराला सवड नसते. सोबत मोजपट्टी, मार्कर आणि घरी वापरतो तो कीबोर्ड न्यावा, आणि बसून पाहताना चपला काढून बसावे.